शेषरावांनी सुपारी कातरली

मोठेबाबांच्या घरी सोयरिकीची बोलणी करायची असली, की आधी सगळ्यांनी आपापले फोन न्हाणीघरात नेऊन ठेवायचे. तिथे फळीवर पिठाचा रिकामा डबा असायचा. फोन डब्यात, डब्याला झाकण आणि झाकणावर ओला टॉवेल. टॉवेल ओलाच कशाला, असं मी एकदा विचारलं. "सुक्यातून आवाज जाते," ते म्हणाले. हा शोध कुठे लागला ते विचारायची सोय नव्हती, कारण संशयाच्या बाबतीत ते कोणाचं ऐकून घेत नाहीत.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, शेषराव तायडे. राहणार बडनेरा. सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली, तीही बहुतेक अकोला-अमरावती याच रस्त्यावर. एका रस्त्यावर इतकी वर्षं उभ्याने काढली की रस्त्यापेक्षा माणसं जास्त पाठ होतात. कोण म्हाताऱ्या बाईला जागा देतं, कोण खिडकी सोडत नाही, कोणाच्या तोंडाला वास येतो, सगळं त्यांना ठाऊक. अर्ध्या तिकिटासाठी पोराचं वय चोरणारा बाप उद्या नवरदेवाचंही वय चोरणार, असा त्यांचा ठोकताळा होता आणि तो बरेचदा खरा निघायचा.

संशय तसा आमच्या खानदानातच आहे. माझे वडील दूधवाल्याला उभं ठेवून त्याच्यासमोर दूध तापवून बघायचे. मी स्वतः ग्रंथालयात काम करते आणि पुस्तक परत करणाऱ्याच्या तोंडाकडे आधी बघते, पुस्तकाकडे नंतर. तेव्हा मोठेबाबांना हसायचा मला फारसा हक्क नाही, तरी मी हसते.

निवृत्त झाल्यावर ते पूर्णवेळ सोयरिकी जुळवायला लागले. आमच्या बौद्ध समाजात आता वधू-वर मेळावे होतात. पोरंपोरी स्टेजवर माईक धरून आपलं शिक्षण आणि अपेक्षा सांगतात. पण मेळाव्यात कितीही पसंत पडलं तरी चौकशी केल्याशिवाय कोणी पुढे सरकत नाही, आणि बडनेऱ्यापासून बोरगाव मंजूपर्यंतची चौकशी मोठेबाबांच्या ओसरीवरच व्हायची. या कामाचं त्यांनी कधी काही घेतलं नाही. लग्नात पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली की झालं.

त्यांची एक रीत होती. घर चांगलं असलं की ते भरभरून बोलत. आजोबापासून सुरुवात करत आणि घरच्या म्हशीपर्यंत येत. घर चांगलं नसलं, तर वाईट मात्र बोलत नसत. कोणाच्या पोरीबद्दल, कोणाच्या पोराबद्दल वाईट शब्द काढायचा नाही, हा त्यांचा नेम. अशा वेळी ते पानाचा डबा ओढत, अडकित्ता घेत आणि खाली मान घालून सुपारी कातरत बसत. आलेला पाहुणा पाणी पिऊन उठत असे. दुसऱ्यांकडे सुपारी फुटली की लग्न ठरतं, आमच्याकडे कातरली की मोडतं, असं माझी मोठीआई म्हणायची. पुढे पुढे तर लोकांच्या बोलण्यातच आलं. एखादं स्थळ फिसकटलं की म्हणायचं, "शेषरावांनी सुपारी कातरली."

मोठेबाबांना या म्हणण्याचा अभिमान होता. "आपण कोणाची बदनामी नाई केली कधी," असं ते सांगत.

आता मुद्द्याची गोष्ट. अमरावतीत आम्ही काही जण मिळून महिन्यातून एकदा लोकांसाठी चर्चा ठेवतो. मागच्या वर्षी विषय होता एआय, आपली माहिती आणि समाज. हॉल भरला होता. निम्मे विद्यार्थी प्रमाणपत्रासाठी आलेले, बाकीचे निवृत्त लोक हॉलला एसी होता म्हणून. मोठेबाबांना मी बळेच नेलं होतं. घरी बसून मोठीआईचं डोकं खात होते.

पाहुणे पुण्याचे होते. हुशार माणूस, पण प्रत्येक वाक्य असं बोलायचे की त्याखाली रेघ मारावी. आपण फोनवर काय बघतो, कुठे थांबतो, कोणाशी बोलतो, त्यावरून यंत्र आपलं चित्र तयार करतं, ते चित्र कोणाकोणाकडे जातं ते आपल्याला कळत नाही, आणि एकदा दिलेली माहिती परत घेता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. कोणाला कर्ज नाकारलं जातं, कोणाला नोकरी, आणि कारण कोणीच सांगत नाही. पोरं खाली मान घालून फोन बघत होती. मोठेबाबा मात्र खुर्चीच्या टोकावर आले होते.

परत येताना ते एवढंच म्हणाले, "हा माणूस खोटं बोलून नाई राहिला."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना एक फोन आला. बाईचा आवाज, गोड आणि अगदी स्वच्छ. लग्न जुळवणाऱ्या कुठल्याशा ॲपकडून बोलत होती. "शेषरावजी, आपल्याकडे सुयोग्य स्थळांची माहिती आहे असं समजलं."

"तुमाले कोणी सांगितलं?"

"आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

"कोण्या गावची तू, बाई?"

"आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

मोठेबाबांनी शेवटची परीक्षा घेतली. जेवण झालं का, असं विचारलं. त्यावरही प्रश्न महत्त्वाचाच निघाला, तेव्हा त्यांनी फोन असा खाली ठेवला की जणू त्यात विंचू होता. व्याख्यानात ऐकलेलं यंत्र आता थेट त्यांच्या ओसरीवर, त्यांच्या डोक्यातली माणसं मागायला आलं होतं. न्हाणीघरातला डबा तेव्हापासून सुरू झाला. त्याच सुमारास त्यांनी मनाशी आणखी एक ठरवलं, जे कोणालाच सांगितलं नाही: ज्याच्या खिशात फोन आहे, त्याच्यासमोर कोणाच्या घराबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

नेमका त्याच वेळी मायाच्या लग्नाचा विषय निघाला. माया म्हणजे मोठेबाबांच्या शेजारच्या सुंदराबाईची मुलगी. सुंदराबाई अंगणवाडीत होत्या. नवरा लवकर वारला, पोरीला एकटीने वाढवलं. माया अकोल्यात एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. तिथल्याच मेसमध्ये तिची सुगतशी ओळख झाली. सुगत शाळेत शिक्षक आहे. दोघं एकमेकांना आवडले, दोन्ही घरांत गोष्ट निघाली, कोणाची ना नव्हती. सुगतला त्याच्या काकांनी, केशवरावांनी वाढवलेलं, आणि त्यांच्या शब्दाबाहेर तो जाणार नव्हता. राहिली होती फक्त चौकशी. ती काय, नावापुरती, असंच सगळे धरून चालले होते.

केशवराव बडनेऱ्याला आले. मोठेबाबांनी फोन न्हाणीघरात ठेवायला सांगितलं. केशवराव हसले. "राहू द्या ना, बंद आहे," म्हणाले आणि तो शर्टाच्या वरच्या खिशात तसाच राहू दिला. कॅमेऱ्याचा डोळा खिशातून बाहेर. वरपक्षाकडच्या माणसाला जास्त काय बोलणार? मोठेबाबा गप्प बसले. सुंदराबाईंचं घर कसं, पोरीचा स्वभाव कसा, वडील कशाने गेले, केशवराव विचारत राहिले आणि मोठेबाबा त्यांच्या खिशाकडे बघत राहिले. पाहुणा समोर बसलाय, बोलायचं नाही, तर हातांनी करायचं काय?

हे सगळं त्यांनीच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, मोठ्या अभिमानाने. "एक शब्द नाई जाऊ देला माह्या तोंडातून," ते म्हणाले. हातात तेव्हा काय होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नसावं.

त्या आठवड्यात अकोल्याहून निरोप आला, आमचा विचार थांबला. कारण काही नाही. मायाने सुगतला फोन केला तर तो म्हणाला, काका काही सांगतच नाहीत, फक्त नाही म्हणतात. आपल्याकडे कारण सांगितलं नाही की लोक ते स्वतः तयार करतात. मायाच्या वडिलांना कसला आजार होता, इथून सुरू झालं. मग तो आजार पोरीला असेल का, इथपर्यंत आलं. अंगणवाडीतल्या बायका सुंदराबाईंकडे बघून आवाज खाली करायला लागल्या. सुंदराबाई शेवटी मोठेबाबांकडे आल्या.

"भाऊ, कोणं तरी काही तरी सांगितलं. कोण बोललं ते शोधून द्या मले. बाकी काही नाई मागत."

मोठेबाबा पेटून उठले. त्यांचा संशय सगळ्यात आधी त्या ॲपवर गेला, कारण मायाची माहिती फोटोसकट त्यावर होती. मग लॅबवर. मग मायाचा फोन दुरुस्त करणाऱ्यावर, कारण फोन त्याच्याकडे रात्रभर होता. एक दिवस तर ते मला म्हणाले, तुह्या त्या पुण्याच्या पाहुण्याने तं काही केलं नसन? मीही काही मागे नव्हते. मला ॲपचाच संशय होता. त्या पाहुण्यांनी सांगितलेली उदाहरणं डोक्यात होती, आणि समोर एक घडलेलं दिसत होतं. कुठल्या तरी यंत्राने मायाच्या नावासमोर लाल खूण केली आणि केशवरावांनी ती पाहिली, अशी माझी खात्रीच झाली होती. मी चार ओळींची तक्रारही लिहून ठेवली होती.

"चला, केशवरावालेच विचारू. कोण्या ॲपनं सांगितलं ते दाखवा म्हणू," मोठेबाबा म्हणाले. आम्ही बसने अकोल्याला गेलो.

केशवरावांनी बसायला दिलं, चहा आला. मोठेबाबांनी सरळच विचारलं, "सुंदराबाईच्या घराची तुमाले वाईट माहिती कोणं देली?"

केशवराव आमच्याकडे बघत राहिले. "अजी, तुमीच तं देली."

"म्या? म्या तोंड बी उघडलं नाई."

"तेच तं. सुपारी कातरत बसले तुमी. म्या पाच गोष्टी विचारल्या, तुमी मान वर नाई केली. आता याच्याउपर आणखी काय सांगाले पाहिजे होतं?"

मी मोठेबाबांकडे पाहिलं. कपातला चहा बशीत सांडला होता आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. मग ते बोलायला लागले, घाईघाईने, फोनचं, कॅमेऱ्याचं, पुण्याच्या पाहुण्याचं, गोड आवाजाच्या बाईचं. सुंदराबाईंचं घर सोन्यासारखं आहे, पोरगी गुणाची आहे, हे तर त्यांनी तीनदा सांगितलं. केशवराव शांतपणे ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांत मला ओळखीचं काही तरी दिसलं. तो आमच्या घराण्यातलाच संशय होता.

"शेषरावभाऊ, राग नका मानू," ते म्हणाले. "आता सुंदराबाई तुमच्या दारात येऊन रडली असन. तुमाले दया आली. त्या दिवशी कोणी रडत नव्हतं. त्या दिवशी जे केलं ते खरं, का आज जे सांगून राहिले ते?"

"आजचं."

"मंग चार माणसांत सांगा. नाव घेऊन. घरात बोललेलं घरातच राहते, त्याले कोणी मानत नाई."

परतीच्या बसमध्ये मी मोठेबाबांवर खूप चिडले होते. एवढी वर्षं त्या अडकित्त्याने त्यांनी किती घरांवर शिक्का मारला, आणि स्वतःला म्हणवून घ्यायचे बदनामी न करणारा माणूस! मी तसं बोललेही. ते खिडकीबाहेर बघत राहिले. बडनेऱ्याला उतरल्यावर घरी न जाता आधी सुंदराबाईंकडे गेले. चप्पल दारात काढली आणि उभ्यानेच सांगितलं, की शोधायचं काही राहिलं नाही, तो माणूस मीच आहे.

रविवार असल्यामुळे माया घरी होती. ती रडली नाही, आवाजही चढवला नाही.

"काका, मी रोज लोकायच्या रक्ताचे रिपोर्ट काढते. वाईट निघाला तं त्याच्या हातात कागद देते. त्याले पटलं नाई, तं तो दुसऱ्या लॅबमध्ये जाऊ शकते. तुमच्या सुपारीचा रिपोर्ट मी कुठं तपासाचा?"

मोठेबाबांनी केशवरावांची अट सांगितली. पुढच्या महिन्यात अकोल्यात हाच विषय घेऊन चर्चा होती, तिथल्या मंडळींनी आम्हाला बोलावलं होतं, तिथे आपण उभं राहून सांगू, असं ते म्हणाले. "तुह्यं नाव घेऊ का, बाई?"

माया म्हणाली, "घ्या. पण मले विचारून घेतलं, हे बी सांगा."

अकोल्याचा हॉल आमच्यापेक्षा लहान, पण गर्दी जास्त होती. समोर तिवईवर कॅमेरा, कार्यक्रम थेट दाखवणार होते. ज्या माणसाने फोनवर ओला टॉवेल टाकला, त्याने त्या कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं आणि नंतर बघितलंच नाही. केशवराव आणि सुगत मधल्या रांगेत होते. माया आणि सुंदराबाई दाराजवळ. सूत्रसंचालकाने मोठेबाबांची ओळख करून द्यायला सुरुवात केली, तोवर त्यांनी माईक घेतलाही होता.

"जयभीम. मी शेषराव तायडे, बडनेऱ्याचा. लोक माह्याकडे घराची चौकशी कराले येतात. बडनेऱ्याच्या सुंदराबाईचं घर चांगलं आहे. त्यायची पोरगी माया, तिच्यात काही खोट नाई. हे नाव मी तिले विचारून घेऊन राहिलो. तिच्यासाठी अकोल्याचे केशवराव आले तवा त्यायच्या खिशात फोन होता. मी भेलो आणि गप्प बसलो. सुपारी कातरली. त्यायले वाटलं, घर वाईट आहे. चूक त्यायची नाई. मीच लोकायले तशी सवय लावली." ते थांबले. "यंत्र आपल्या मांगं आपल्याबद्दल सांगते, म्हणून आपण त्याले भेतो. मी बी लोकायच्या मांगंच सांगत होतो. कोणाच्या तोंडावर नाई सांगितलं कधी."

मग केशवराव उठले. "पटलं," म्हणाले. "रविवारी बडनेऱ्याले येतो आमी." टाळ्या वाजल्या. सुंदराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सुगत मागे वळून मायाकडे बघत होता आणि ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती. मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. मोठेबाबांबद्दलचा राग गेला, आणि आता चहा येईल, आपण निघू, असंही मनात आलं.

तेवढ्यात डाव्या बाजूला एक बाई उभ्या राहिल्या. केस बरेच पिकलेले, खांद्याला पर्स, शिक्षिका असाव्यात असं उभं राहणं. त्यांच्याकडे माईक नेऊन दिला.

"जयभीम, काका. मी गीतांजली इंगळे, मूर्तिजापूरची. माझे वडील तुमच्याच गाडीने ये-जा करत. मला दर्यापूरचं एक स्थळ आलं होतं. त्यांना मी पसंत होते. ते तुम्हाला विचारायला गेले आणि परत आले नाहीत. मग हळूहळू कोणीच आलं नाही. बाबा शेवटपर्यंत विचारत होते, आपलं काय चुकलं असेल." त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "मी भांडायला उभी नाही. माझं आयुष्य चांगलं गेलं. मला फक्त विचारायचंय, आमच्याबद्दल तुम्ही काय ऐकलं होतं?"

सगळा हॉल मोठेबाबांकडे बघत होता. त्यांनी माईक तोंडाजवळ नेला, खाली घेतला, पुन्हा नेला.

"मले आठवत नाई, बाई," ते म्हणाले.

गीतांजलीबाई मग "बरं" म्हणून खाली बसल्या. सूत्रसंचालकाने घाईने पुढचा प्रश्न घेतला, तो कुठल्याशा विद्यार्थ्याचा होता, एआयमुळे नोकऱ्या जातील का, असा.

बसमध्ये मी मोठेबाबांच्या शेजारी बसले होते. मूर्तिजापूर येईपर्यंत मी थांबले आणि मग विचारलं, "खरंच आठवत नाही तुम्हाला?"

स्टँडवर माणसं चढत-उतरत होती. त्यातल्या दोघांना त्यांनी नावानिशी ओळखलं, एकाला त्याच्या बापावरून. गाडी सुटल्यावर ते म्हणाले, "आठवलं असतं, तं तिले काय भेटलं असतं?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते खरोखर विसरले होते की पुन्हा एकदा गप्प बसले होते, ते मला कळलं नाही. आता त्यांनी शपथ घेऊन सांगितलं तरी माझा विश्वास बसणार नाही.